पांढऱ्या मातीचं पांघरूण

सोलापुरात घराच्या आत राहणारी माणसं पुष्कळ असतील. घराच्या बाहेरच्या अंगाशी संसार थाटलेला माणूस मात्र मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे माझे घरमालक. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही म्हणत असे. बाजारात त्यांचं घोंगड्यांचं दुकान होतं. मूळ घराणं मंगळवेढ्याकडचं, मेंढरांमागे हिंडणाऱ्यांचं. उघड्या माळावर अंगावर घोंगडं ओढून पाऊस काढलेल्या माणसांच्या पोटी जन्मल्यामुळे असेल, पण ऊन, वारा आणि पाऊस हे तिघे संगनमत करून माणसाच्या जिवावर उठलेले आहेत, आणि त्यांच्यातून सोडवणारी वस्तू जगात एकच, ती म्हणजे पांघरूण, अशी त्यांची पक्की समजूत होती. "घर म्हंजे काय हो मास्तर? दगडामातीचं घोंगडंच की," असं ते म्हणत. घोंगड्याच्या आत कोण झोपलं आहे, चोर की साव, याची त्यांना फारशी चौकशी नसे.

कुणी भेटला की लोक आधी प्रकृती विचारतात, मग पाऊसपाणी. मामा आधी विचारत, "पश्चिमेची भिंत काय म्हणती?" आणि हे नुसतं विचारण्यापुरतं नव्हतं. भिंत खरोखरच काहीतरी म्हणते आणि ते आपल्याला ऐकू येतं, असा त्यांचा दावा होता. लग्नाला जावोत की बारशाला, यजमान पानसुपारीचं तबक घेऊन शोधत फिरत आणि मामा घराच्या मागे भिंतीला कान लावून, डोळे मिटून उभे असत. आमच्या गल्लीतल्या एका पानवाल्याची आई वारली. मंडळी खाली मान घालून ओसरीवर बसली होती. मामा नेहमीप्रमाणे मागून चक्कर मारून आले, मुलाच्या शेजारी बसले, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याच हळव्या आवाजात म्हणाले, "म्हातारी गेली, लई वाईट झालं. पर तुमची मागली भिंत बी निघालीया. तिला थांबवा." कुणाला राग आला, कुणाला हसू फुटलं. तेराव्याच्या दिवशी पंगत बसायच्या वेळेला ती भिंत, कुणी हात न लावता, एखादी थकलेली बाई बसावी तशी जागच्या जागी खाली बसली. माणूस कुणी सापडलं नाही, फक्त वरणाचं पातेलं गेलं. पण त्या दिवसापासून मामांनी कुणाच्या भिंतीला कान लावला की त्या घरातल्या बायका पोरांना आधी अंगणात काढू लागल्या. मी नवखा भाडेकरू होतो, शिवाय इंग्रजी शाळेत भूगोल शिकवत होतो. मला हे सगळं मोठं गमतीचं वाटे.

गमतीचं वाटेनासं झालं ते माळवदापासून. आमच्या भागात घरांवर कौलं नसतात. तुळया, त्यांवर आडव्या फळ्या आणि काटक्या, त्यावर लिंबाचा पाला, चिखल, आणि सगळ्यांच्या वर पांढऱ्या मातीचा जाड थर, असं आमचं सपाट छप्पर, तेच माळवद. उन्हाळ्यात सोलापूर असं तापतं की अख्खं गाव अंथरुणं घेऊन माळवदावर जातं. आम्ही नवराबायको मात्र खाली अंगणात डास मारत पडत असू, कारण मामांचं माळवद निषिद्ध होतं. तिथे झोपायचं नाही, मिरच्या वाळवायच्या नाहीत, कुरडया घालायच्या नाहीत. एकदा माझ्या पत्नीने चुकून दोन हात लांबीचं फडकं पसरून वर पापड घातले. मामा दुकानातून जेवायला आले ते अंगणातूनच ओरडले, "पोरी, खाली ये! पाय उचलून ये!" ती कशीबशी शिडी उतरली, तेव्हा हा पन्नाशीचा गृहस्थ दोन्ही हातांनी शिडी धरून उभा होता. पापड मात्र त्यांनी स्वतः अनवाणी वर जाऊन, एकेक करून, फुलं वेचावीत तसे गोळा करून आणून दिले. शेजारी सांगत की माकडं आली तर मामा त्यांना दगड मारत नाहीत, हात जोडतात.

दर वैशाखात माळवदावर नवी माती घालायची असते, म्हणजे पावसाळाभर पाणी आत येत नाही. ही माती कुठलीही चालत नाही. लोक गाडीवाल्याने आणली ती घेतात. मामा ती जिभेवर ठेवून चाखत. एकदा वळसंगचा एक गाडीवान भरलेली गाडी घेऊन दारात उभा राहिला. मामांनी चिमूटभर तोंडात टाकली, थुंकले आणि म्हणाले, "ही रानातली हाय. पांढरीतली न्हवं." गाडीवान आधी देवाची शपथ घ्यायला निघाला होता, पण मामांच्या नजरेला नजर देईना. "व्हय जी, रानातलीच हाय," म्हणून गाडी वळवून गेला. त्यानंतर मामा स्वतः जाऊ लागले, आणि त्या वर्षी मलाही बरोबर घेतलं.

पांढर म्हणजे गावाची वस्ती जिथे होती ती जागा. वळसंगच्या वाटेवर एक ओसाड पांढर होती. कधीकाळी साथीत की दुष्काळात गाव उठलं, घरं पडली, भिंती विरघळल्या आणि नुसता फिकट मातीचा उंचवटा उरला. झाड नाही, दगड नाही. आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि त्या उंचवट्यावर आपली सावलीसुद्धा पायाखाली लपलेली. मामांनी पागोटं सारखं केलं, खोकले, आणि मोकळ्या जागेला मोठ्यानं विचारलं, "येऊ का आत?" मी हसणार होतो; पण ते थांबून राहिले, उत्तराची वाट बघावी तसे. मग चालू लागले. चार पावलं गेल्यावर वळून मला म्हणाले, "संबाळून. हितं उंबरा हाय, वलांडून या." समोर सपाट माती होती. आणि सांगायला लाज वाटते, पण भूगोलाच्या मास्तराने तिथे पाय उचलून उंबरा ओलांडला.

"कुणाला विचारलंत मामा?" मी म्हणालो.

"म्हातारी हाय हितली. या म्हणली," ते म्हणाले आणि खणायला लागले. टोपली भरता भरता त्यांनी मला समजावून सांगितलं की रानातली माती पाणी पिते, पण माणसं राहून गेलेली माती पाणी पीत नाही, अडवते. "पिढ्यान् पिढ्या हितं चुली पेटल्या, लेकरं मुतली, म्हातारी माणसं रडली. समद्यांचं मीठ हाय हिच्यात. ही माती आदी घर हुती मास्तर. तिला घर राखायचं ठावं हाय." परतीच्या वाटेवर भरलेल्या गाडीकडे मी मागे वळून पाहिलं नाही. आपण माती आणतो आहोत की एखादं कुटुंब बिऱ्हाडासकट, हे मला नीट कळत नव्हतं.

त्यानंतरच्याच एका रविवारची गोष्ट. भर दुपार. गिरण्या बंद, गल्ली चिडीचूप. मी खोलीत बाजेवर पडलो होतो. डोक्यावर माळवदावरून पावलं वाजली. लहान पावलं. पूर्वेच्या कोपऱ्यातून निघाली आणि मधल्या सवण्यापाशी, म्हणजे उजेडासाठी छताला ठेवलेल्या भोकापाशी, येऊन थांबली. सवण्यातून चिमूटभर पांढरी माती फरशीवर पडली. कुणाचं तरी पोर चढलं, आता मामा त्याचा जीव घेतील, म्हणून मी धावत शिडी चढून वर डोकावलो. वर कुणी नव्हतं. ठोकून गुळगुळीत केलेल्या मातीवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

मी खाली आलो तर मामा त्यांच्या सोप्यात जेवायला बसले होते. मी सांगितलं. हातातला घास तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "किती मोजली?"

"मोजली नाहीत. दहाबारा असतील."

"बारा," ते अगदी आनंदानं म्हणाले, दूरच्या नातेवाइकाची खुशाली कळावी तसे. "मग सवण्यापाशी बसती. खाली बगती. तुमाला बी ऐकू आलं म्हंजे तुमी आता घरचं झाला." मामींनी भाकरी त्यांच्या ताटात टाकली, पदराला हात पुसले आणि मला म्हणाल्या, "बसा मास्तर. आमची तानी हाय ती."

ही तानी त्यांची एकुलती एक मुलगी. दहा-बारा वर्षांपूर्वी, वैशाखात माळवद ठोकायचं काम चाललं होतं तेव्हा चार वर्षांची ही पोर शिडीवरून हळूच वर गेली आणि ओल्या मातीवरून सवण्यापर्यंत चालत आली. गवंडी ओरडला, पण मामा म्हणाले, राहू दे, लक्ष्मीची पावलं हायती. ती तशीच वाळली. पावसाळा संपता संपता तापाची मोठी साथ आली, घरोघर माणसं गेली, त्यात तानी गेली. पुढच्या वैशाखात माणसं आली, नेहमीप्रमाणे जुना थर खरवडून नवा घालायला. मामांनी त्यांना हाकलून दिलं. जुन्या थराला हात न लावता त्यांनी स्वतः त्याच्यावर नवी माती पसरली. पावसानं पावलं धुऊन जायला नकोत, म्हणून पांघरूण घातलं. दुसऱ्या वर्षी त्याच्यावर दुसरं. तेव्हापासून एकही थर निघाला नव्हता. मला तेव्हा उमगलं की आमच्या खोलीतलं सवणं खालून उलट्या विहिरीसारखं का दिसतं.

आश्चर्य म्हणजे आम्ही त्या पावलांना सरावलो. माझी पत्नी तर दुपारी पावलं थांबली की भाकऱ्या थापता थापता वर बघून विचारी, "काय गं, जेवलीस का?" तिला त्या वेळी दिवस गेलेले होते. तिला माहेर असं उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण तिथेच व्हायचं होतं आणि मामींनी ते अंगावर घेतलं होतं. भीती घालायला पलीकडच्या गल्लीतला म्हातारा गवंडी तेवढा येई. तो माळवदाकडे बघून आपल्या दखनीत म्हणे, "मामा, छत पो खेत चढा को बैठे तुम. लकडी कित्ता झेलेगी?" तुळयांवर केवढा भार झाला आहे, हे तो बोटांवर दाखवी. मामा तावातावानं त्याला घरात आणत, भिंती दाखवत, छत दाखवत. "दावा, कुटं थेंब हाय का? अख्ख्या सोलापुरात असं कोरडं घर दावा!" थेंब खरोखरच नव्हता. म्हातारा मान हलवून निघून जाई. मी एकदा भीत भीत म्हणालो की, मामा, थोडी तरी काढू या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा मी तो विषय काढला नाही. आज लिहिताना स्वतःचा संताप येतो. माझं मूल त्या छताखाली जन्मणार होतं, आणि मी भिडेपोटी गप्प बसलो.

श्रावणात आम्हाला मुलगी झाली. तिचा पाळणा मधल्या तुळईच्या कड्यांना टांगला. मामा दिवसातून दहा वेळा येत, पाळण्यात डोकावत आणि वर बघून म्हणत, "बगितलंस का? न्हानी हाय. दंगा करू नगंस." मग हस्त लागला आणि झड सुरू झाली. आमच्याकडे पाऊस येतो तो घाईत असल्यासारखा; हा मात्र चार दिवस बसकण मारून बसला. गल्लीत दोन घरं पडली. सवण्यावर फरशी झाकलेली, आमच्या घरात थेंब नव्हता आणि मामा मिशीला पीळ देत होते.

चौथ्या दिवशी, भर दुपारी, त्या पावसाच्या आवाजातून पावलं ऐकू आली. पण त्या दिवशी ती बारा नव्हती. ती सवण्यापाशी थांबेनात. पूर्वेकडून आली, परत गेली, पुन्हा आली, भिंतीकडून भिंतीकडे, वाट न सापडल्यासारखी धावत राहिली. माझ्या पत्नीने माझा हात घट्ट धरला. "ही अशी का पळतेय हो?" ती म्हणाली, आणि तेवढ्यात मला पाळण्यावर काहीतरी पडताना दिसलं. फळ्यांच्या फटीतून माती गळत होती. बाहेर चार दिवसांचा पाऊस कोसळत होता आणि आमच्या मुलीच्या दुपट्यावर कोरडी, पिठासारखी पांढरी माती पडत होती. ती माती दहा-बारा वर्षं पावसाने पाहिलेली नव्हती.

मामा दारात उभे होते. ते आत आले, खांबाला कान लावला आणि डोळे मिटले. किती वेळ गेला कोण जाणे. त्यांनी डोळे उघडले तेव्हा चेहरा पार उतरला होता. "मास्तर," ते म्हणाले, "लेकराला घिऊन भाईर व्हा. समदी. आत्ताच्या आत्ता." मी पोरीला उचललं, मामींनी माझ्या पत्नीला धरलं आणि दोघींना पोरीसकट पानवाल्याच्या ओसरीवर पोचवून मी मागे धावलो. मामा डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन, फावडं घेऊन वर चढले होते.

मी वर गेलो. निरोप न धाडता म्हातारा गवंडीही आपल्या दोघा मुलांना घेऊन आला. बहुतेक तो गेले चार दिवस आमच्याच माळवदाकडे बघत बसला असावा. आम्ही फावड्यांनी माती ओढत होतो, कठड्यावरून गल्लीत लोटत होतो. एकेक थर वेगळ्या छटेचा निघत होता आणि मामा त्या पावसात एकेकाला ओळखत होते. "ही औंदाची. ही दुष्काळातली. ही मास्तर, तुमी आला त्या सालची." खालून मधूनच तुळई कुरकुरत होती. कमरेएवढी माती निघाली, मग मामांनी हात वर केला. "आता फावडं नगं." ते गुडघ्यांवर बसले आणि तळहातांनी माती बाजूला सारू लागले.

खाली ती होती. बारा पावलं. बोटंसुद्धा मोजता येत होती. पूर्वेच्या कोपऱ्यातून निघून सवण्यापर्यंत आलेली आणि तिथे दोन्ही टाचा जुळवून थांबलेली. मामांनी डोक्यावरची घोंगडी काढून त्यांच्यावर धरली. ती चार पावलांना पुरली. उरलेल्यांवर ते स्वतः ओणवे झाले. पन्नाशीचा माणूस हातापायांवर ओणवा, पाठीवर पाऊस घेत. आम्ही सगळे भिजत उभे होतो. तेवढ्यात खाली कडकन आवाज झाला. गवंड्यानं मामांच्या खांद्याला हात लावला आणि इतकंच म्हणाला, "मामा. वो बी निकालना पडता."

मामांनी वर पाहिलं. "मास्तर," ते म्हणाले, "इतकी वर्सं मला वाटलं ती खेळतीया. ती भाईर याया बगत हुती की हो. आन् मी दरसाल तिच्या अंगावर माती टाकत गेलो." मग त्यांनी आपणहून घोंगडी उचलली. पाऊस पावलांत पडला. ती माती पाणी पिणारी नव्हतीच. बारा पावलं बारा वाट्यांसारखी भरली, क्षणभर तशीच राहिली, मग कडा विरघळल्या. "जा बाई," मामा म्हणाले, आणि शेवटचं फावडं त्यांनी स्वतः मारलं.

माळवद वाचलं. मधल्या तुळईला हातभर चीर गेली होती. म्हातारा म्हणाला, तो भार आणखी घटकाभर राहिला असता तर ती खाली आली असती. ती नेमकी पाळण्याची तुळई होती.

पावलं पुन्हा कधी वाजली नाहीत. आधी आम्हाला त्यांची भीती वाटे, मग आम्हाला त्या शांततेची वाटू लागली. जेवताना मामांचा घास हातातच राही, ते वर बघत आणि मामी त्यांच्याकडे बघत. मला त्या दिवसांत त्यांच्या समोर माझ्या मुलीला खेळवायला संकोच वाटायचा.

पुढच्या वैशाखात नवी तुळई बसली आणि नवा पातळ थर ठोकून झाला. माती अजून ओली होती. मामा खाली आले आणि माझ्या मुलीला उचलून शिडी चढू लागले. ती तेव्हा बोट धरून उभी राहायला लागली होती. मी आणि माझी पत्नी मागोमाग गेलो. मामा ओल्या मातीच्या कडेला उभे राहिले. मामीही मागून वर आल्या आणि म्हणाल्या, "टेकवा की पाय. येक डाव टेकवा." माझ्या पत्नीनेही, मला वाटतं, होकारार्थी मान हलवली; मामींना नाही म्हणण्याची आमची कुणाचीच छाती नव्हती. मामा त्या मातीकडे बघत राहिले. मग त्यांनी पोरीचे दोन्ही पाय आपल्या मुठीत धरले, ओल्या मातीचा वाराही लागू न देता तिला छातीशी घेतलं आणि जपून, एकेक पायरी, खाली उतरले. अंगणात, दाणे टिपणाऱ्या कोंबड्यांच्या मधोमध, त्यांनी तिला जमिनीवर उभं केलं. तिचे गुडघे वाकले आणि ती मटकन बसली.

"चालती का?" मामींनी वरूनच विचारलं.

"चालंल की," मामा म्हणाले, आणि ओले डोळे पुसायचं भान न राहून तिच्यासमोर मातीत बसकण मारून बसले. "घाई काय हाय."